डोल ते रापण : पुण्याहून निघून कोकणच्या जाळ्यांमागे

पहिला दिवस : गणेश पेठ – ताम्हिणी – माणगाव – मुरुड

गणेश पेठेत पहाटे मासळी उतरते तेव्हाच तिची वाटणी होते : खोल समुद्रातली, खाडीची, नदीची. वर्तमानपत्रांतले भावही याच क्रमाने छापून येतात. किनाऱ्यावर गेलात की ही वाटणी कुणी विचारत नाही. तिथला पहिला प्रश्न जाळ्याचा असतो. बोंबील म्हटला की डोल, बांगडा म्हटला की रापण किंवा कांडाळ (मासा कल्ल्यात अडकवणारं जाळं), बोय म्हटली की पाग. मासा कुठला हे जाळं सांगतं, आणि जाळं कुठलं हे त्या किनाऱ्याचा तळ आणि भरती-ओहोटी ठरवते.

म्हणून निघायचा दिवस सुट्टी बघून ठरवू नये, तिथी बघून ठरवावा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं-उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मरगळतं, ती भांग. डोल बघायची तर उधाण धरावं. कार्तिकातली शुद्ध चतुर्दशी त्याला चांगली : पाऊस संपलेला, वारा बसलेला, बोंबील भरपूर.

ताम्हिणीबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पाऊस सरल्यावर रस्ता मोकळा मिळतो. माणगावला जेवून म्हसळा, दिघी, तिथून गाडीसकट आगरदांड्याची फेरीबोट आणि मग मुरुड. एकदऱ्याच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी होड्या लागतात. चतुर्दशीची भरती साडेदहाची, म्हणजे ओहोटी पावणेपाचच्या सुमारास संपणार. ओहोटीत खाडीच्या तोंडाशी पाणी इतकं कमी होतं की भरलेली होडी गाळात बसते. त्यामुळे जाळं चार-साडेचारला उचललं तरी होड्या भरतीचं पाणी आत शिरल्यावरच येतात. तीन वाजल्यापासून धक्क्यावर ताटकळणाऱ्या पर्यटकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

डोल म्हणजे समुद्रात प्रवाहाच्या तोंडावर बांधलेला एक लांबच लांब मोजा. तोंडाकडचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, वीतभर, पुढे तो लहान लहान होत जातो आणि शेवटच्या खोल्यात, म्हणजे मोज्याच्या टोकाच्या पिशवीत, करंगळीही शिरणार नाही इतका बारीक. तोंड दोन खुंटांना दोरांनी बांधलेलं असतं आणि वरच्या कडेला पिंपं तरंगत असतात. जाळं ओढायचं नसतं. पाणी धावतं, जाळं जागेवर राहतं, आणि प्रवाहाविरुद्ध पोहता न येणारी मासळी आत जाते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, ढोमा ही सगळी त्यातलीच. बोंबील अंगाने इतका लिबलिबीत की ओढत्या पाण्याशी त्याचं काही चालत नाही.

हे जाळं मालवणला का नाही याचं उत्तर इथेच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. मालवणकडे ते जेमतेम दोन-अडीच मीटर. पाण्याला ओढ नसेल तर डोलीचं तोंडच उघडत नाही. शिवाय खुंट धरायला गाळाचा तळ लागतो. रायगड, मुंबई, पालघर या पट्ट्यात दोन्ही आहे, म्हणून डोल ही उत्तरेकडच्या कोळ्यांची.

खुंट रोवायचं काम मात्र उलट, भांगेत करायचं. पाणी थांबलेलं असताना दोन होड्यांच्या मध्ये सोट उभा धरून तो गाळात उतरवतात, आणि त्याला पुष्कळ माणसं लागतात. त्यामुळे खुंट एका घराचा असला तरी तो रोवायला सगळी पाखाडी, म्हणजे आसपासची वस्ती, येते. डोल लावायच्या जागेला कव म्हणतात. कुणाची कव कुठली हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. कागद नाही, खांब नाही, तरी तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका ओळीत धरून आपली जागा नेमकी काढतो. दुसऱ्याच्या कवेपुढे जाळं लावणं म्हणजे त्याच्या तोंडचं पाणी अडवणं. असे तंटे गावकी मिटवायची, दंड करायची. किनाऱ्यावरच्या मासेमारीचा इतिहास लिहायचा तर होड्यांच्या आधी हा कायदा लिहावा लागेल, कारण पुढे मोडलं ते हेच आधी.

डोलीत काय चुकतं? पहिली गोष्ट वेळ. पाणी फिरण्याआधी खोला उचलला नाही तर प्रवाह उलटतो, जाळं स्वतःभोवती पीळ घेतं, आणि ते सोडवण्यात पुढची भरतीही जाते. दुसरी, फार मोठं उधाण : दोर तुटतो नाहीतर खुंट तिरका होतो. तिसरी हल्लीची आणि सर्वांत चिडवणारी : पावसानंतर खोल्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं. पिशव्यांनी आस बुजले की पाणी आरपार जात नाही, ओझं वाढतं आणि जाळं फाटतं. आणि एक गोष्ट कोळीवाड्यात आवडणार नाही तरी लिहिली पाहिजे. पारंपरिक आहे म्हणून डोल निष्पाप नाही. बारीक खोल्यात बोटाएवढी पापलेटची पिल्लंही येतात. पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला. पापलेटला तो १३५ मिलिमीटर आहे. डोलीच्या खोल्याला हा नियम कसा शिकवायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

दुसरा दिवस : मुरुड – श्रीवर्धन – वेश्वी – हर्णै

सकाळी किनाऱ्यावर वलांडी बघाव्यात. बांबूचे उभे खांब, त्यांवर आडव्या दोऱ्यांच्या ओळी, आणि त्यांवर बोंबील. टोपलीशी बसलेली बाई दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि जोडी दोरीवर टाकते. ना गाठ ना सुतळी. बोंबलाचे दात आत वळलेले असतात, ते एकमेकांत रुततात आणि वाऱ्यातही सुटत नाहीत. हात बघत बसावा असा चालतो, पण तोंडाने त्याच वेळी भाव चालू असतो : “मावशी, किलोचं काय?” “आधी वाळूं दे बाय, मग इचार.”

बोंबलात शेकड्याला जवळजवळ नव्वद भाग पाणी असतं. शंभर किलो ओले टांगले तर पंधराएक किलो सुके हाती येतात. कोरडा वारा आणि ऊन मिळालं तर तीन-चार दिवस पुरतात. आभाळ आलं की बोंबील पिवळा पडतो, मऊ राहतो आणि वास धरतो. दव पडायच्या आत ओळी झाकल्या नाहीत तरी तेच. जवळ्याला दोरी नाही, तो जमिनीवर पसरतात. सारवलेल्या खळ्यावर किंवा जाळीवर वाळवलेला जवळा स्वच्छ, वाळूवरचा कचकचीत. पुण्यात सुका जवळा घेताना त्यातला मूठभर घेऊन पाण्यात टाकून तळाशी काय बसतं ते बघा. दुकानदार रागावला तर दुकान बदला.

परत फेरीने दिघी, मग बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, बागमांडला. बाणकोटची खाडी ओलांडायला पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेश्वी. खाडीतल्या मासेमारीला खर्च कमी आणि डोकं जास्त लागतं. काठाच्या उथळ भागात बांबूच्या काठ्या रोवून वाणा लावतात. जाळं ओहोटीत तळाशी दाबून ठेवायचं, भरती पूर्ण झाली की वर उचलून काठ्यांना बांधायचं. पाणी उतरतं, मासळी आतच राहते. तळाची कड चिखलात नीट दाबली गेली नाही तर बोय खालून निघून जाते. बोय उडीही मारते, म्हणून वरची कड पाण्याच्या बरीच वर ठेवावी लागते.

पाग एकट्याचा. गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या, मध्यातून निघालेली दोरी डाव्या मनगटाला. एक भाग कोपरावर, एक भाग उजव्या हातात, आणि कडेची एक शिशाची गोळी दातांत. कंबरेतून फिरून फेकायचं आणि शेवटच्या क्षणी दात सोडायचे. उशीर झाला तर जाळं गोल न उघडता लांबुळकं पडतं, दातही दुखावतो. शिसं हलकं असेल तर जाळं तळ गाठेपर्यंत मासा पसार होतो, आणि कालवांच्या खडकावर टाकलं तर संध्याकाळ सुई घेऊन जाळं सांधण्यात जाते. सुई बांबूची, आस मापायला बांबूचीच चपटी पट्टी. पट्टी बदलली की आस बदलला, आस बदलला की मासा बदलला.

केळशी, आंजर्ले करत हर्णैला पोचेपर्यंत तिसरा प्रहर होतो. लिलाव त्याच सुमाराला रंगात येतो.

तिसरा दिवस : हर्णै

हर्णैला आदल्या दिवशी पोचून हा दिवस पूर्ण द्यावा. समोर सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले आणि १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने हा किल्ला घेतला. दर्यावर्दी आणि मच्छीमार ही माणसं तेव्हा वेगळी नव्हती. गलबत हाकणारे हात पावसाळा सरला की जाळीही ओढत.

मोठ्या नौका लांब नांगरतात, छोट्या होड्या मासळी उथळ पाण्यापर्यंत आणतात, आणि तिथून वाळूपर्यंत बैलगाडी. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात. बैलगाडी जुनाट वाटेल, पण भिजल्या वाळूत टेम्पो रुततो आणि बैल रुतत नाही, एवढंच कारण आहे. बारकी मासळी टोपलीने बोलतात, सुरमई-हलव्यासारखी मोठी नगाने. लिलाव भरभर सरकतो. बाहेरच्या माणसाने मध्ये बोलू नये. घ्यायचं असेल तर लिलाव घेतलेल्या बाईकडून घ्यावं, दहा पावलांवर ती वाटा लावूनच बसते.

पापलेट घेताना कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबा. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला लालभडक. पुण्यात विकायला बसणारा कधी कधी कल्ला बघू देत नाही. मग उरलं काय बघायचं?

विक्रीचे पैसे आले की आधी खर्ची वजा : डिझेल, बर्फ, किराणा. उरलेल्यात नौका-जाळ्याचा वाटा आणि खलाशांचा वाटा. प्रमाण बंदरागणिक वेगळं, पण तांडेलाला खलाशापेक्षा जास्त, हे सगळीकडे सारखं. शीड-वल्ह्याच्या काळात खर्ची जवळजवळ नव्हतीच, म्हणून रिकामी होडी परत आली तरी माणूस कर्जात जात नसे. इंजिन आल्यावर रिकामी फेरीसुद्धा हजारोंना पडते. मग ती भरून काढायला आणखी लांब जा, आणखी बारीक आस लावा, असं ते चक्र फिरतं.

बर्फाच्या आधी होतं मीठ. ब्रिटिश काळात मिठावर कर होता, आणि मासळी खारवायला कमी दराचं मीठ मिळावं म्हणून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सरकारी आवारं काढली होती. खारवण्याची रीत तीच राहिली आहे. बांगडा पाठीतून चिरून उघडायचा, कल्ले-आतडी काढायची, समुद्राच्या पाण्यात धुवायचा. तीन किलो माशाला एक किलो जाडं मीठ, थरावर थर, सगळ्यांत वर मिठाचाच थर. एक-दोन दिवसांत पाणी सुटतं, त्यातच मासा बुडलेला राहायला हवा. वर आला तिथे माशी बसते. मग ऊन, दोन-तीन दिवस. मीठ कमी पडलं तर आतून कुजतो, आणि दमट हवेत ठेवला तर अंगावर गुलाबी-तांबूस डाग उठतात. ते मिठात जगणाऱ्या जिवाणूंचे असतात. तो मासा टाकून द्यावा, धुऊन विकू नये.

चौथा दिवस : हर्णै – रत्नागिरी – मालवण

हा दिवस रस्त्याचा. रत्नागिरीत दोन थांबे पुरे. झाडगावच्या सागरी जीवशास्त्र केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. दुसरा मिरकरवाडा बंदर. पर्ससीन समजून घ्यायची तर इथे. थव्याभोवती जाळं गोल टाकायचं, खालच्या कडेच्या कड्यांतून ओवलेला दोर यंत्राने आवळायचा, आणि तळ बंद. मासळीला खाली निसटायची वाट उरत नाही. डोल माशाची वाट बघते, पर्ससीन त्याच्या मागे जाते. ती एकदा टाकली की येणारी मासळी रापणीला महिनाभर मिळत नाही.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्याजवळचं पाणी, ठिकाणानुसार ५ किंवा १० वाव खोलीपर्यंतचं, त्याने ट्रॉलरना बंद केलं. वाव म्हणजे सहा फूट, दोन्ही हात पसरून मोजतात तेवढी दोरी. २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत राहिली. कायदा बरा आहे. रात्री समुद्रात जाऊन तो बघायला लागणाऱ्या गस्ती नौका पुऱ्या पडत नाहीत, हे खरं दुखणं.

पाचवा दिवस : मालवण

मालवणात भरती मुंबईपेक्षा तासाभराने आधी येते, हे ध्यानात न घेतल्याने तिथीचा हिशेब पुष्कळांचा इथे फसतो. कृष्ण तृतीयेला कोष्टक सव्वादोन सांगेल, इथे एकच्या आसपास धरावी. सकाळी सातला पाणी चढायला लागतं, तेव्हा दांडीच्या किनाऱ्यावर हजर असावं.

रापण हे गाबितांचं, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाचं, मोठं जाळं, लांबी कित्येक शे मीटर. आधी पाण्यावर नजर ठेवायची. पक्षी एका जागी घिरट्या घालताहेत, पाण्यावर गडद डाग सरकतोय, म्हणजे बांगडा किंवा तारली. मग एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्यांच्या हातात देऊन होडी निघते. वल्हवणारे वल्हवतात, मागे बसलेले जाळं सोडत जातात, आणि मोठा अर्धगोल काढून होडी लांब दुसऱ्या जागी किनाऱ्याला लागते. आता दोन्ही बाजूंनी ओढायचं. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकांकडे सरकत येतात. दोन-तीन तास सहज जातात.

ताकदीपेक्षा ताल महत्त्वाचा. एक रांग पुढे गेली की मधलं पोट तिरकं होतं आणि मासळी ढिल्या बाजूने वळते. शिसाची कड तळाला घासतच आली पाहिजे. घाईने वर ओढली की ती उचलली जाते, म्हणून सारखी आरोळी : “शिसां उचलू नको रे!” तळाला खडक लागला तर एकाने बुडी मारून दोर सोडवायचा, तोवर सगळ्यांनी थांबायचं. कड जवळ आली की मासळी दोन टोकांच्या फटीकडे धावते, तेव्हा पोरं पाणी बडवून तिला मागे हाकलतात. थव्याऐवजी जेलीफिश भरली तर जाळं जड होतं आणि हात खाजतात, बाकी काही नाही.

पूर्वी हे जाळं सुताचं आणि तागाचं असे. ऐनाच्या सालीच्या काढ्यात ते शिजवायचं, नाहीतर खाऱ्या पाण्याने महिन्या-दोन महिन्यांत कुजायचं. रोज वाळवणं आलंच. तरंग पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे, दोर काथ्याचे. नायलॉन आल्यावर काढा, भट्टी, वाळवण सगळं गेलं. जाळं हलकं झालं, टिकाऊही झालं. फायदा खरा होता. पण तुटलेलं नायलॉन समुद्रात सडत नाही, ते सुटून तरंगत मासळी मारत राहतं, हेही तितकंच खरं.

रापणीत जाळ्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांचे, ते सांधून एक जाळं. म्हणून हिस्सेही तसेच : होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. दोराला हात लावणाऱ्या परक्यालाही मूठभर मासळी मिळते. एका किनाऱ्यावर दोन रापणी असतील तर पाळी ठरलेली, ज्याची पाळी त्याने आधी टाकायची. म्हातारी बाई, विधवा, होडी नसलेलं घर, कुणी रिकाम्या टोपलीने परत जात नसे. शेजारच्या कर्नाटकात पर्ससीन आल्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथली रांपणी बसली. मालवणात रापण तगली त्याला दोन कारणं दिसतात. इथे यांत्रिक नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार सतत उभे राहिले, आणि हिस्स्याची पद्धत गावाला सोयीची राहिली. आता धोका दिव्यांचा आहे. रात्री पाण्यात एलईडी सोडून मासळी गोळा करायला बंदी आहे, तरी क्षितिजावर उजेड दिसतो. तो थवा सकाळी किनाऱ्यापर्यंत येतच नाही, मग पाळी कुणाची हा प्रश्नही उरत नाही.

सहावा दिवस : मालवण – कणकवली – कोल्हापूर – पुणे

ओली मासळी पुण्यापर्यंत न्यायची तर साफ करून, मासळीइतकाच बर्फाचा चुरा थराथरात घालून न्यावी. डब्याच्या तळाला पाणी निघून जायला वाट हवी, नाहीतर मासा बर्फाच्या पाण्यात भिजून पिचतो. सुकी मासळी कागदात बांधावी, प्लास्टिकमध्ये घाम धरते. पुण्यात आल्यावर गच्चीवर एक दिवस कडक ऊन द्यावं आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. तेव्हा बाजारात खाडीची मासळी, बिगर-यांत्रिक होड्यांनी काठावरून आणलेली आणि बाहेरून आलेली बर्फातली, एवढीच असते. त्या दिवसांत कुणी ‘ताजी हर्णैची सुरमई’ म्हणाला तर कुठल्या नौकेची ते विचारावं. सुका बोंबील घ्यायचा तर डिसेंबर-जानेवारीत वाळलेला मागावा. पांढरट, मोडला तर कट्‌कन तुटणारा, आणि जबडे एकमेकांत अडकलेले असले तर वलांडीवर वाळलेला.